पासवर्ड खरा, धमकी खोटी

मॅडम, मी मिरजेचा. ३२ वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झालो. घरी एक जुना संगणक आहे. त्यावर ईमेल, पेन्शनची कामं, वीजबिल, रेल्वेचं आरक्षण आणि थोडं बुद्धिबळ चालतं. गेल्या मंगळवारी मला माझ्याच ईमेल पत्त्यावरून एक इंग्रजी मेल आला. विषयाच्या ओळीत माझा पासवर्ड, अक्षरन् अक्षर बरोबर! खाली लिहिलं होतं की, मी तुझ्या संगणकात शिरलोय, नको त्या साइट पाहताना कॅमेऱ्यातून तुझं चित्रण केलंय, ४८ तासांत ९०० डॉलर बिटकॉइनमध्ये दे, नाहीतर तुझ्या सगळ्या ओळखीच्यांना ते पाठवतो. माझ्या संगणकाला कॅमेराच नाही. तरी दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, कारण पासवर्ड तर खरा आहे. सौ.ला काही बोललेलो नाही. पुण्याच्या मुलाला अर्धंच सांगितलं, तर तो म्हणाला, ‘बाबा, ती पासवर्डची वही आधी जाळा.’ वहीत तसं फार काही नाही, कारण गेली पंधरा वर्षं सगळीकडे मी एकच पासवर्ड वापरतो: सौ.चं नाव आणि आमच्या लग्नाचं साल. पैसे भरायचे का? संगणक फॉरमॅट करायचा का? वही जाळायची का? आणि एक बारीकशी शंका: पासवर्डमधून तिचं नाव काढलं तर तिला काय वाटेल?
— एक निवृत्त शिक्षक, मिरज

सर, नमस्कार.

एक पैसाही भरू नका. त्या मेलला उत्तरही देऊ नका, शिवी द्यावीशी वाटली तरी. तुमचं पत्र माझ्या हाती पडेपर्यंत ते ४८ तास कधीच उलटून गेले. त्या माणसाकडे तुमचं चित्रण नाही, तुमच्या संगणकाचा ताबा नाही, आणि तुम्ही कोण आहात हेही बहुधा त्याला ठाऊक नाही. मेल लिहिणाऱ्याने तुमच्या संगणकाला कॅमेरा आहे की नाही एवढंही पाहिलेलं नाही, यातच काय ते आलं. हाच मजकूर, आकडा तेवढा इकडचा तिकडे करून, २०१८ च्या जुलैपासून जगभर लाखोंच्या संख्येने फिरतोय. माझ्याकडे या सदरात अशी पत्रं येतात आणि त्यातली बहुतेक तुमच्यासारख्या सज्जन, पापभीरू माणसांची असतात. मेल बेतलेलाच तसा असतो. ज्याने काहीच केलेलं नाही तोही घाबरून आठवायला लागतो की, आपण कधी काही चुकून उघडलं होतं का.

‘माझ्याच पत्त्यावरून आला’ याचं फार मनावर घेऊ नका. अंतर्देशीय पत्राच्या मागे ‘पाठवणार’ म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं, पोस्टमन ते तपासत बसत नाही. ईमेलचं पुष्कळसं तसंच आहे.

आता खरा प्रश्न: पासवर्ड त्याला मिळाला कुठून?

तुमच्या घरातून नाही, वहीतून तर नाहीच. पंधरा वर्षांत तुम्ही तो पासवर्ड किती ठिकाणी दिला असेल, आठवून बघा. रेल्वे, वीज, बुद्धिबळाची साइट, मुलांच्या लग्नाच्या वेळी कदाचित एखादं वधूवर मंडळ, कधीतरी एकदाच पुस्तक मागवलेलं आणि नंतर विसरलेलं दुकान. यातल्या कुठल्या तरी एकाची यादी फुटली. सेवा देणाऱ्याकडून चोरीला गेलेल्या या याद्या आधी गुपचूप विकल्या जातात, मग स्वस्तात, आणि शेवटी रद्दीच्या भावाने. लिंक्डइनचं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं आहे. तिथे चोरी झाली २०१२ साली, आणि २०१६ मध्ये त्यातले ११ कोटी ७० लाख ईमेल पत्ते आणि पासवर्ड बाजारात विकायला आले. तुम्हाला आलेला पासवर्डही असाच शिळा माल असणार.

तुम्ही गणिताचे, म्हणून थोडं आत शिरते. नीट चालवलेली साइट तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा लगदा करून ठेवते. भाताचे पोहे करता येतात, पोह्यांचा पुन्हा भात करता येत नाही, तसं. मग चोराला पासवर्ड कसा कळतो? तो पोह्यांकडून भाताकडे जातच नाही. तो अंदाज करतो. ‘सुनीता१९८१’ घेतला, त्याचे पोहे केले, यादीतल्या पोह्यांशी ताडून पाहिले. जुळले नाहीत? ‘सुनीता१९८२’. नाव मी मनाचंच घेतलंय, पण रीत हीच. हे यंत्र करतं, आणि लगदा करायची पद्धत जुनी, हलकी असेल तर एका सेकंदाला एक खर्व, म्हणजे एक हजार कोटी, प्रयत्न करणं आजच्या यंत्रांना जड नाही. आता तुमच्या पासवर्डचा हिशेब करा. प्रचलित नावं दहा हजार धरली आणि सालं शंभर, तरी सगळ्या जोड्या मिळून १० लाख. डोळ्याची पापणी लवायच्या आत संपल्या. (लगद्यात प्रत्येकासाठी वेगळी भर घालतात, म्हणजे एकसारख्या पासवर्डांचेही पोहे वेगळे दिसतात. या धंद्यात तिला चक्क ‘मीठ’ म्हणतात. लिंक्डइनच्या त्या यादीत मीठ नव्हतं.)

पण सर, तुमचा पासवर्ड सोपा होता हे मला दुय्यम वाटतं. सगळीकडे तोच होता, ही खरी गोम. एका साइटवरून फुटलेली जोडी, म्हणजे ईमेल आणि पासवर्ड, चोर यंत्राकरवी दुसऱ्या शेकडो ठिकाणी लावून पाहतात. लागली तर लागली. बुद्धिबळाच्या साइटचं कुलूप तुटलं म्हणून कुणी रडत नाही, पण तुम्ही त्याच किल्लीने पेन्शनचं कपाटही बंद केलं होतं.

तेव्हा संगणक फॉरमॅट करायची घाई नको. मेल आल्याने संगणकात काही शिरत नाही, त्यातली जोडलेली फाइल किंवा दुवा तुम्ही उघडला नसेल तर. उघडला असेल तर मात्र मुलाला बोलवा, आणि त्याने स्वच्छ म्हणेपर्यंत त्या संगणकावरून पासवर्ड बदलू नका, फोनवरून बदला.

आधी ईमेलचा पासवर्ड बदला, बँकेच्याही आधी. बाकी सगळीकडे ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की नवा करायचा दुवा येतो तो ईमेलवरच. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या. जीमेल असेल तर गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन कोणकोणत्या उपकरणांवर तुमचं खातं उघडं आहे ते बघा, अनोळखी असेल ते बाहेर काढा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये तुमचे मेल दुसऱ्या पत्त्यावर परस्पर पाठवण्याची सोय कुणी चालू करून ठेवली नाही ना, तेही पाहा. ही जागा लोक तपासत नाहीत आणि पासवर्ड बदलूनही टपाल गळत राहतं. गूगल खात्याच्या त्या सुरक्षेच्या पानावरच खातं परत मिळवण्यासाठीचा मोबाइल नंबर दिसेल. तो जुना, बंद केलेला तर नाही? आपल्याकडे बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग तुमच्या खात्याचा कोड कुणा भलत्याच्याच फोनवर जाईल.

याच पानावर दोन पायऱ्यांची पडताळणी आहे, ती चालू करा. पासवर्ड बरोबर दिला तरी दुसरी खूण तुमच्या फोनवर मागितली जाते, म्हणजे यादी पुन्हा फुटली तरी चोर दुसऱ्या पायरीवर अडतो. गूगल तुम्हाला आठ आकडी दहा राखीव कोड देतं, फोन हरवला तर वापरायला. ते कागदावर छापा आणि एलआयसीच्या पॉलिसी जिथे असतात तिथे ठेवा. संगणकावर जपून ठेवू नका, ज्या दिवशी लागतील त्या दिवशी नेमका तोच उघडणार नाही.

ईमेलनंतर बँक, मग पेन्शन, आयकर, रेल्वे. बाकीचे जसजशी ती साइट उघडायची वेळ येईल तसतसे बदला. एका दुपारी सगळे पासवर्ड बदलायला बसलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते मी पाहिलंय: दहाव्या पासवर्डापर्यंत तो पुन्हा पहिल्यावरच येतो, फक्त शेवटी एक आकडा वाढवून.

यादी कुठली फुटली हे बघायचं असेल तर ‘हॅव आय बीन पोन्ड’ म्हणून एक संकेतस्थळ आहे. ऑस्ट्रेलियाच्या ट्रॉय हंट यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं. तिथे फक्त ईमेल पत्ता टाकायचा, आणि तो कोणकोणत्या चोरीत सापडला ते कळतं. तुमचा पत्ता तीन-चार ठिकाणी निघाला तर दचकू नका, माझा स्वतःचा त्याहून जास्त ठिकाणी आहे. या नावाच्या नकला असू शकतात, म्हणून मुलाला शेजारी बसवून बघा.

आता वही. तुमच्या चिरंजीवांची क्षमा मागून सांगते, वही जाळू नका. उलट एक चांगली, बांधणीची वही आणा.

तो सांगतोय ते त्याच्या ऑफिसात खरं आहे. तिथे शेकडो माणसं ये-जा करतात, टेबलावरचा कागद कुणीही वाचू शकतं. तुमच्या घरात मात्र धोका वेगळ्या बाजूने येतो. ज्याने तुम्हाला मेल पाठवला त्याचा हात मिरजेतल्या तुमच्या कपाटापर्यंत पोचत नाही. आणि जो घरफोड्या पोचेल तो सोनं शोधेल, तुमच्या रेल्वेच्या पासवर्डसाठी थांबणार नाही. वही नसली की माणूस डोक्यात मावेल तेवढंच ठेवतो, आणि डोक्यात एकच मावतो. तुमच्या बाबतीत तेच झालंय. मुलगा आयटीत असेल तर तो म्हणेल की पासवर्ड मॅनेजर वापरा, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवून साइटवर आपणच भरणारा प्रोग्रॅम. त्यात चूक काही नाही, मी स्वतः वापरते. त्याचा एक गुण तर वहीत नाहीच: बँकेसारखी दिसणारी खोटी साइट आली तर माणूस फसतो, मॅनेजर फसत नाही, कारण तो चित्र बघत नाही, पत्ता बघतो, आणि पत्ता जुळला नाही तर गप्प बसतो. पण तो शिकेपर्यंत, किंवा शिकायचा नसेल तरी, वही पुरे. वहीच्या पुठ्ठ्यावर ‘पासवर्ड’ लिहू नका. संगणकाच्या टेबलाच्या खणात ठेवू नका. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन तिच्यात लिहायचा नाही. आणि पानाचा फोटो काढून मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही, हे तर अगदी कटाक्षाने. तो फोटो मग तुमच्या गॅलरीत, त्याच्या गॅलरीत आणि ढगात (म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, ‘क्लाउड’वर) अशा तीन ठिकाणी पडून राहतो.

वही कुठे आहे ते काकूंना माहीत हवं. माझे मामा गेले तेव्हा मामींना त्यांच्या ईमेलचा पासवर्ड माहीत नव्हता. मुदत ठेवी कुठे आहेत हे सांगणारी पत्रं त्या ईमेलवर येत होती, आणि आम्ही भाचरं चौदा दिवस लोखंडी कपाटातले कागद उपसत बसलो होतो. मामा चाळीस वर्षं हिशेबनीस होते. (गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ म्हणून सोय आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या जास्तीत जास्त दहा जणांना कळवलं जातं. पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका.)

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा आणि त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह कोंबण्याचा नियम तुम्ही ऐकला असेल. त्यामागे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेचा २००३ चा एक दस्तऐवज होता. तो लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये सांगितलं की, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पस्तावा होतो. त्याच वर्षी संस्थेने ते नियम मागेही घेतले. लोक ‘महिना१!’ नंतर ‘महिना२!’ करत होते, दुसरं काही होत नव्हतं. फुटल्याची शंका आली की बदला, एरवी हात लावू नका.

मग नवा पासवर्ड कसा करायचा? शब्दकोश घ्या. डोळे मिटून उघडा, बोट ठेवा, आणि बोटाजवळचा पहिला ओळखीचा शब्द घ्या. असे पाच शब्द. समजा ‘भोपळा, तिकीट, करवत, पाहुणा, शाई’ निघाले. ते रोमन अक्षरांत, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहा. ओळखीचे शब्द पाच हजार धरले तर पाच शब्दांच्या माळा किती? पाच हजाराचा पाचवा घात, म्हणजे ३१ परार्धांहून जास्त (एक परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं). परार्ध हा शब्द वापरायची संधी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळतेय, ती तुमच्यामुळे. सेकंदाला एक खर्व या वेगाने सगळ्या माळा तपासायला जवळजवळ दहा वर्षं लागतात. पण शब्द खरोखरच डोळे मिटून निवडलेले हवेत. स्वतः सुचवायला बसलात तर ‘गणपती बाप्पा मोरया’ होतं, आणि ते चोरालाही सुचतं. एक अडचण तेवढी आपल्याच भाषेची: ‘भोपळा’ रोमनमध्ये लिहिताना शेवटी ‘ए’ एकदा की दोनदा, ‘ळ’ कसा लिहायचा, हे एकदा ठरवून वहीत तसंच्या तसं लिहून ठेवा. नाहीतर महिन्याने स्वतःच्याच दारात उभं राहाल. अशी माळ फक्त ईमेलसाठी आणि बँकेसाठी करा, बँकेला लांबीची मर्यादा असेल तर मावतील तेवढे शब्द घेऊन. बाकीच्यांना वहीत लिहिलेली कसलीही वेडीवाकडी अक्षरं चालतात, फक्त प्रत्येक वेगळं.

संगणक जुना आहे म्हणालात. त्यावर विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, तेव्हा पुढचं काय ते मुलाकडून या दिवाळीआधी करून घ्या. आणि दुकानदाराने ‘फुकट टाकून दिलेलं’ मायक्रोसॉफ्ट ऑफिस त्यावर असेल तर ते काढायला सांगा. अशा फुकट मालातून ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड उचलणारे प्रोग्रॅम घरात येतात. त्या मेलपेक्षा मला याची जास्त भीती वाटते.

फोनचीही वाटते. आपल्याकडच्या माणसांचे पैसे पासवर्ड फोडून क्वचित जातात, बहुतेक वेळा बोलण्यात गुंतवून जातात. महावितरणच्या नावाने ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ असा संदेश, खाली कुणाचा तरी मोबाइल नंबर. फोन केला की तो एक ॲप उतरवायला लावतो, आणि तुमचा पडदा त्याला दिसायला लागतो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशात कितीही जाडजूड माणूस बसलेला असला तरी. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. बँकेच्या साइटचा पत्ता मात्र उजवीकडून वाचायची सवय लावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ हे शेपूट घ्यायला सांगितलं होतं. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी ते शेपूट दिसलं पाहिजे, अधेमधे कुठेतरी दिसून उपयोग नाही.

आणि पैसे गेलेच, तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. लाजत बसू नका, त्याच मिनिटाला लावा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात आणि वाटेत गोठवता आले तरच हाती लागतात. मग बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियम असा: चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याचीच असेल आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर बोजा शून्य. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. घड्याळ दोन्हीकडे चालू असतं.

राहता राहिली तुमची बारीकशी शंका, आणि काकूंना काही न सांगितल्याची गोष्ट. आज जेवणं झाल्यावर तो मेल त्यांना दाखवा. कॅमेरा नसलेल्या संगणकाने चित्रण केल्याची धमकी वाचून त्या हसतील, असा माझा अंदाज आहे. नाव काढलं म्हणून रुसतील की नाही ते तुम्हीच जाणता. पण शब्दकोश त्यांच्या हातात द्या, डोळे त्यांना मिटू द्या, आणि पाचही शब्दांवर बोट त्यांनाच ठेवू द्या.